अंगावरून गेलं ते वारं नव्हे

'अंगावरून वारं गेलं.' कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेली तीस-बत्तीस वर्षं दवाखाना चालवताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, याची गणती नाही. सांगणारा कधी कडाव-कशेळ्याकडचा शेतकरी असतो, कधी खोपोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी आटोपून आलेला कामगार, तर कधी मुंबईचं बिऱ्हाड आवरून 'चांगल्या हवेसाठी' नेरळला राहायला आलेले निवृत्त गृहस्थ. शिक्षण वेगळं, खिसा वेगळा, बोलण्याची ढब वेगळी. पण घरातल्या माणसाचं तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला की शब्द एकच. वारं.

या शब्दाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. चरकसंहितेने पक्षाघाताची गणना वाताच्या विकारांत केली. तोच वात घरोघरी 'वारं' होऊन राहिला. 'लकवा' हा शब्द अरबीतून आला आणि मुळात तो तोंड वाकडं होण्यापुरताच होता. इंग्रजांनी तरी काय मोठे दिवे लावले? त्यांचा 'स्ट्रोक' म्हणजे तडाखा. कोणी मारला, कशाने मारला, ते त्या शब्दातही नाही. धडधाकट माणूस जेवता जेवता कोसळतो आणि कारण डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा न दिसणाऱ्या गोष्टीचं नाव देणं हे जगभर झालं आहे.

अडचण वेगळीच आहे. आजाराला आपण जे नाव देतो, ते नाव उपचारही ठरवून टाकतं. वारं गेलं म्हटलं की खिडक्या बंद होतात, अंगावर घोंगडी येते, तेल कोमट करून हात-पाय चोळायला दोन माणसं बसतात. कोणीतरी कबुतर आणायला धावतं. कबुतराच्या रक्ताने लकवा जातो ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि मोटरसायकलवरून जाऊन कबुतर आणणारे तरुणही मी पाहिले आहेत. आणि एवढं सगळं झाल्यावर घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, 'आता झोपू दे त्याला. सकाळी बघू.'

माझा सारा झगडा या 'सकाळी बघू'शी आहे.

घडतं ते असं. मेंदूला रक्त नेणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा ती रक्तवाहिनी फुटते. मेंदूजवळ साठा म्हणून काही नसतो. रक्त थांबलं की मिनिटांच्या हिशेबात पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब २००६ साली एका अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञाने मांडला होता. वाक्य वाचून संपेपर्यंत किती गेल्या ते वाचकांनीच पाहावं. म्हणून मुंबई-पुण्याचे तज्ज्ञ हल्ली याला हृदयाच्या झटक्याच्या जोडीने 'मेंदूचा झटका' म्हणतात. तो शब्द मला आवडतो, कारण झटका म्हटल्यावर माणूस धावतो आणि वारं म्हटल्यावर बसतो.

पण हृदयाच्या झटक्यात आणि यात एक मोठा फरक आहे. हृदय दुखतं. छातीत कळ आली की माणूस स्वतःच 'मला दवाखान्यात न्या' म्हणून ओरडतो. गुठळीने मेंदू मरताना बहुधा दुखत नाही. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला तर कित्येकदा रोग्याला स्वतःचा डावा हात लुळा पडल्याचं उमगतच नाही. 'मला काय झालंय?' म्हणून तो उलट घरच्यांनाच रागे भरतो. डाव्या भागात आला तर वाचा जाते, किंवा शब्द भलतेच येतात. तहान लागली सांगायचं असतं आणि तोंडून खुंटी, बैल, गुरुवार असं काहीतरी बाहेर पडतं. अशा एका आजोबांना 'बाहेरचं' झालं म्हणून आधी देवऋषाकडे नेलं होतं. नेणारी माणसं दुष्ट नव्हती, निष्काळजीही नव्हती. आजोबा काल रात्रीपर्यंत नीट बोलत होते आणि आज बरळतायत, याचा त्यांना माहीत असलेला अर्थ तेवढाच होता. तर सांगायचा मुद्दा असा, की या आजारात रोगी आपली तक्रार स्वतः नोंदवू शकत नाही. निदानाची पहिली पायरी शेजारी बसलेल्या माणसालाच चढावी लागते.

ती पायरी अवघड मुळीच नाही. माणसाला हसायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओढली जाते का पाहा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक हात हळूहळू खाली येतो का पाहा. रोजच्या वापरातलं एक साधं वाक्य बोलायला सांगा. जीभ जड आहे का, शब्द चुकतात का ऐका. अचानक तोल जाणं, अचानक एका डोळ्याने किंवा एका बाजूचं न दिसणं, कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी अकस्मात उठणं, यांचीही शंका घ्यावी. यांतली एक गोष्ट जरी अचानक झाली असेल तरी घड्याळ पाहा आणि निघा. तोंडात पाणी, चहा, साखर, गोळी काही घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि घोट फुप्फुसात उतरतो. कोणाच्या तरी सांगण्यावरून घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळी तर मुळीच देऊ नका. का, ते पुढे येईल.

घड्याळ पाहा म्हटलं ते उगीच नाही. इस्पितळात पहिला प्रश्न 'केव्हा झालं?' हा असतो, आणि त्याचं उत्तर 'केव्हा लक्षात आलं' हे नव्हे. माणूस शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ते सांगायचं असतं. पहाटे पाच वाजता उठवायला गेलो तेव्हा तोंड वाकडं होतं, पण रात्री दहाला जेवून नीट झोपले होते, तर घड्याळ दहापासून चालू झालं. खोपोलीच्या एका बाईंनी मला एकदा अचूक वेळ सांगितली होती: मालिका सुरू झाली तेव्हा हे चांगले बोलत होते आणि पहिल्या जाहिरातीत रिमोट हातातून पडला. टीव्हीवरच्या मालिकांनी समाजाचं भलं केल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण. त्या वेळेच्या आधारावर त्या गृहस्थांना पुढच्या इस्पितळात इंजेक्शन मिळालं. आज ते पाय थोडा ओढत चालतात, पण बाजारहाट स्वतः करतात.

आता अ‍ॅस्पिरिनचं. २००५-०६ साली मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या एका भागातल्या पक्षाघाताच्या रोग्यांची घरोघर फिरून नोंद केली. ज्यांचे स्कॅन झाले होते, त्यांतल्या दहापैकी साधारण आठ जणांत गुठळी होती आणि जवळपास दोघांत रक्तस्राव. दोन्हींत तोंड वाकडंच होतं, हात लुळाच पडतो. उपचार मात्र अगदी उलटे. एकात रक्त पातळ करायचं, गुठळी विरघळवायची. दुसऱ्यात तेच केलं तर माणूस हातचा जातो. बाहेरून पाहून, नाडी धरून, रक्तदाब मोजून हा फरक खात्रीने सांगता येत नाही. मला येत नाही, आणि माझ्याहून मोठ्या डॉक्टरांनाही येत नाही. कवटीच्या आत डोकावावंच लागतं.

ही सोय माणसाला फार उशिरा मिळाली. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याने बनवलेल्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचं आडवं छायाचित्र घेतलं. हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हता. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत नोकरीला होता. १९७९ साली त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्याआधी गुठळी की स्राव याचा निवाडा पाठीतून पाणी काढून, अंदाजाने किंवा शवविच्छेदनात होत असे.

पण या स्कॅनविषयी आपल्याकडे जो घोळ आहे, त्यावर जरा थांबलं पाहिजे. अर्धांगाचा रोगी तातडीने नेला, सीटी स्कॅन झाला, अहवालावर 'नॉर्मल' लिहिलेलं आलं, आणि घरच्यांनी आनंदाने रोग्याला घरी आणलं, असं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. 'डॉक्टर, फोटोत काही नाही. म्हणजे वारंच होतं.' फोटोत काही नाही याचा खरा अर्थ वेगळा असतो. रक्तस्राव झालेला असेल तर तो स्कॅनमध्ये बहुधा लगेच, पांढरा शुभ्र दिसतो. गुठळीने मरणारा भाग मात्र पहिल्या काही तासांत दिसतच नाही. तो काळसर व्हायला वेळ लागतो. तेव्हा हात लुळा आहे आणि स्कॅन स्वच्छ आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की गुठळी आहे आणि आपण वेळेत पोहोचलो आहोत. ज्या कागदामुळे उपचार सुरू व्हायला हवेत, तोच कागद हातात घेऊन माणसं परतीच्या रिक्षेत बसतात. यात दोष सगळा घरच्यांचा नाही. तपासणी करणाऱ्याने 'नॉर्मल' या एका शब्दाच्या पुढे मराठीत दोन वाक्यं बोलली असती, तर ती रिक्षा फिरली नसती. एमआरआयमध्ये गुठळीचा परिणाम बराच लवकर दिसतो, पण तो सगळीकडे नसतो आणि त्याला वेळही अधिक लागतो.

साखर खूप उतरली तरी अर्धांगासारखी लक्षणं दिसतात, म्हणून बोटाला टोचून साखर पाहणं ही पहिली तपासणी. चेहऱ्याच्या नुसत्या नसेला सूज आली तरी तोंड वाकडं होतं. त्यात त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत, मेंदूच्या झटक्यात सहसा पडतात. हा निवाडा मात्र घरी बसून करू नये, तो डॉक्टरवर सोडावा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं, हे १९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं. तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ साली ती साडेचार तासांवर गेली. २०१५ साली एकामागून एक चाचण्यांनी सिद्ध केलं, की मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर ओढता येते, आणि निवडक रोग्यांत हे चोवीस तासांपर्यंत करता येतं असं २०१८ साली दिसलं. चोवीस तास ऐकून कोणी निवांत होऊ नये. त्यात बसणारे रोगी थोडे आणि ते करणारी इस्पितळं त्याहून थोडी. आपला हिशेब साडेचार तासांचाच धरावा.

हा हिशेब आता कर्जत-खालापूरच्या नकाशावर ठेवून पाहू. नकाशात आम्ही फार भाग्यवान दिसतो. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला पुणे, मधून रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग. खालापूरच्या टोलनाक्यावरून रोज जितक्या रुग्णवाहिका पुढे जातात, तितक्या क्वचितच दुसरीकडे दिसतील. पण खांडसच्या वरची ठाकूरवाडी किंवा एखादी कातकरी वाडी महामार्गावर नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडी जात नाही, चढून जावं लागतं, हे साऱ्या महाराष्ट्राला एका रात्रीत कळलं. ती वाडी खालापूर तालुक्यातली, महामार्गापासून फार दूरही नव्हे. माथेरान कर्जत तालुक्यातच. तिथे मोटारींना बंदी आणि दस्तुरी नाक्यापर्यंत यायचं म्हणजे आधी एक प्रवास. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. आजारी माणूस तिकडे नेण्याचा विचार कर्जतकराच्या मनात सहसा येत नाही. तो पनवेल, कल्याण, फार तर पुण्याकडे पाहतो.

आणि तरीही, सगळ्यांत जास्त वेळ रस्त्यावर जात नाही. तो घरात जातो, आणि त्यानंतर मधल्या थांब्यांवर. आधी जवळचा डॉक्टर, तिथे एक सलाईन (सलाईन लावली की उपचार सुरू झाले, अशी आपल्या लोकांची गाढ श्रद्धा आहे आणि आम्हा डॉक्टरांनी ती आनंदाने जोपासली आहे), मग तालुक्याचं ठिकाण, मग 'पुढे न्या', मग गाडीची शोधाशोध, मग ज्या इस्पितळात नेलं तिथे स्कॅन आहे पण रात्री चालवणारा नाही. अडीच-तीन तास असेच सरतात. म्हणून माझं सांगणं असतं, की रात्री-अपरात्री सीटी स्कॅन होतो आणि गुठळीचं इंजेक्शन दिलं जातं असं आपल्या घरापासून सर्वांत जवळचं इस्पितळ कोणतं, हे आज, घरात सगळे ठणठणीत असताना, फोन करून विचारून ठेवा आणि दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोनवर 'वारं गेलं' म्हणू नका, 'मेंदूचा झटका, अमुक वाजता' असं म्हणा.

एक प्रसंग सांगतो. लावणीचे दिवस होते. चाळिशी ओलांडलेली बाई, चिखलात वाकून काम करताना उजव्या हातातली रोपांची मूठ गळून पडली. हात उचलेना, बोलता येईना. बांधावर बसवलं, पाणी मारलं. दहा मिनिटांत हात पूर्ववत, बोलणंही नीट. बायका हसल्या, तीही हसली आणि पुन्हा शेतात उतरली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला माझ्याकडे आणलं ते कायमची उजवी बाजू गेलेली. पहिल्या दिवशी गुठळी अडकली होती आणि आपोआप सुटली होती. हे 'आलं आणि गेलं' प्रकरण सर्वांत फसवं. अशा माणसांना पुढच्या तीन महिन्यांत खरा झटका येतो तो साधारण दहांत एकाला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांत. बरं वाटलं म्हणून न जाणं ही त्या बाईची चूक म्हणता येत नाही. लावणी थांबत नसते आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

हा शहरी, बैठ्या, तूप खाणाऱ्यांचा रोग आहे असं अजूनही मानलं जातं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूचा माग काढला. १,५९९ मृत्यू झाले होते आणि त्यांत सर्वाधिक मृत्यूंचं कारण पक्षाघात निघालं, शंभरात चौदा. त्यांतले बहुतेक, शंभरात ८७, घरीच गेलेले. गडचिरोलीत हे, तर कर्जतच्या वाड्यांत निराळं काय असणार? आमच्याकडेही सुकट-बोंबलाचं मीठ आहे, मिश्री आहे, दारू आहे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे कधीही न मोजलेला रक्तदाब आहे. मोजला आणि गोळी लावली तरी दोन महिन्यांनी 'आता बरं वाटतंय, उगाच गोळीची सवय नको' म्हणून ती बंद होते.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ च्या मार्चमध्ये १८० च्या वर होता. तेव्हा त्यावर नीट औषधच नव्हतं. मीठ कमी करा आणि विश्रांती घ्या, एवढंच डॉक्टर सांगू शकत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी भयंकर डोकं दुखतंय म्हणाले, शुद्ध गेली, रक्तदाब ३०० च्या वर गेलेला; दुपारीच संपले. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला जी गोळी मिळू शकली नाही, ती आज प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि आमच्याकडे फडताळात वर्षभर पडून राहते.

सरकारने काय करावं, यावर मी फार मोठ्या मागण्या करणार नाही. प्रत्येक तालुक्याला मेंदूविकारतज्ज्ञ मिळणार नाही, हे मला कळतं. पण हिमाचल प्रदेशाचं उदाहरण समोर आहे. तिथे २०१४ साली सुरू झालेल्या योजनेत जिल्ह्याच्या, स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळातले साधे एमबीबीएस, एमडी डॉक्टर रोगी तपासतात, स्कॅनची चित्रं फोनवरून सिमल्याच्या किंवा टांड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाला पाठवतात, तज्ज्ञ फोनवरच होकार देतो आणि इंजेक्शन जागच्या जागी टोचलं जातं. औषधाचा खर्च सरकारचा. त्यासाठी नवं इस्पितळ बांधावं लागलं नाही. आहेत ती यंत्रं, आहेत ते डॉक्टर आणि खिशातले फोन एकमेकांना जोडावे लागले. हिमालयाच्या कुशीत हे जमतं. आमचा बोर घाट त्यापुढे टेकडी आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना देशातले नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ बसलेले आहेत. कर्जतला आणि खोपोलीला रात्रंदिवस चालणारा स्कॅन, इंजेक्शनच्या काही कुप्या आणि पलीकडून फोन उचलणारा एक तज्ज्ञ, एवढं मागायला ग्रामपंचायतींचे ठराव पुरे आहेत. कमानी आणि प्रवेशद्वारांसाठी असे ठराव आमच्याकडे दर वर्षी होतात. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून आमच्या सरपंचांना मी पत्र दिलं आहे. विषयपत्रिकेवर तो नवव्या क्रमांकावर आला आहे, मंडपाच्या खर्चानंतर.